न गोठणाऱ्या चुंबकासाठी पैसे का द्यायचे?

क्वांटम स्पिन लिक्विड, म्हणजे कितीही थंड केलं तरी ज्याचं चुंबकत्व गोठत नाही असा पदार्थ. त्यावरचा एखादा प्रकल्प-प्रस्ताव किंवा विद्यापीठाचं प्रसिद्धिपत्रक उघडून बघा. शेवटच्या परिच्छेदात क्वांटम संगणक बहुतेक वेळा हजर असतोच. आधीचा सगळा मजकूर कुठल्याशा खनिजातल्या तांब्याच्या अणूंबद्दल असतो, आणि मग अचानक 'या संशोधनातून पुढे न चुकणारे क्वांटम संगणक बनवता येतील' असं वाक्य येतं. वाचणाऱ्याला बरं वाटतं, चला, काहीतरी कामाचं चाललंय. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की हे वाक्य नसेल तर फाइल पुढे सरकणार नाही.

हे वाक्य काढून टाकावं, असं माझं मत आहे. या संशोधनाला सार्वजनिक पैसा मिळायलाच हवा, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो या आश्वासनाच्या जोरावर मिळू नये. आश्वासनामुळे पैसा नको तिथे जातो, आणि ज्या कामावर या क्षेत्राचं खरंखोटं ठरतं ते काम उपाशी राहतं.

आधी प्रश्न काय आहे ते बघू. साध्या लोहचुंबकात शेजारशेजारचे स्पिन, म्हणजे अणूंमधली इवलीशी चुंबकं, एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. अँटीफेरोमॅग्नेट नावाच्या पदार्थांत प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. अणू चौकोनी जाळीत मांडलेले असतील तर हे बिनबोभाट जमतं: एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. जाळी त्रिकोणांची असेल तर मात्र कोंडी होते. पहिला वर, दुसरा खाली, मग तिसऱ्याने कुणाच्या उलट जायचं? कुठेही वळला तरी एका शेजाऱ्याशी बिनसणारच. यालाच फ्रस्ट्रेशन म्हणतात. एका त्रिकोणापुरती ही किरकोळ अडचण आहे. पण असे असंख्य त्रिकोण एकमेकांना जोडले की अगदी सारखीच ऊर्जा असलेल्या मांडण्या अफाट संख्येने तयार होतात, आणि पदार्थ कितीही थंड केला तरी त्यांतली अमुकच निवडायला त्याच्याकडे कारण उरत नाही. ग्रेगरी वानिए यांनी १९५० साली गणिताने दाखवलं की फक्त वर किंवा खालीच वळू शकणाऱ्या स्पिनची अशी त्रिकोणी जाळी केवल शून्य तापमानालाही (त्याहून थंड काही असू शकत नाही) एन्ट्रॉपी, म्हणजे मांडणीतली अनिश्चितता, शिल्लक ठेवते. (त्यांनी तेव्हा छापलेला आकडा चुकला होता. तो त्यांनी स्वतःच १९७३ मध्ये दुरुस्त करून छापला. तेवीस वर्षांनी! मला ही दुरुस्ती मूळ निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते.)

योगायोगाने त्याच १९७३ मध्ये फिलिप अँडरसन यांनी पुढचं पाऊल टाकलं. स्पिन जर पुरेसे क्वांटम स्वभावाचे असतील, तर ते दोन-दोनच्या जोड्या करतील, पण कुठलीच जोडी कायमची ठरणार नाही. सगळ्या शक्य जोड्यांचं एकत्र मिश्रण हीच त्या पदार्थाची स्थिती असेल, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे घन पदार्थात बसलेलं, कधीच न गोठणारं चुंबकत्व. हेच क्वांटम स्पिन लिक्विड. काही वर्षं ही कल्पना फारशी कुणी मनावर घेतली नाही. १९८६ मध्ये उच्च तापमानाचे अतिवाहक (रोध न होता वीज वाहून नेणारे पदार्थ) सापडले, १९८७ मध्ये अँडरसन यांनी आपल्या कल्पनेची त्यांच्याशी सांगड घातली, आणि मग झुंबड उडाली. गंमत अशी की ज्या त्रिकोणी जाळीसाठी त्यांनी ही कल्पना मांडली, तिच्या सर्वांत साध्या रूपात ती लागूच पडत नाही. तिथे स्पिन एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून निमूटपणे गोठतात. कल्पना मात्र टिकली आणि दुसऱ्या जाळ्यांकडे गेली: टोपलीच्या विणीसारखी दिसणारी कागोमे जाळी, मग २००६ साली अलेक्सी किताएव यांनी अचूक सोडवून दाखवलेली मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची जाळी.

अशा अवस्थेत काय विशेष असतं? सगळे स्पिन एकमेकांशी दूरवर गुंतलेले असतात, आणि त्यामुळे त्या व्यवस्थेला धक्का दिला की उठणारा तरंग अखंड राहत नाही, त्याचे तुकडे होतात. नेहमीच्या चुंबकात एका तरंगाचा स्पिन १ असतो. इथे तो अर्ध्या-अर्ध्या स्पिनच्या दोन कणांत विभागतो आणि ते दोन कण एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. पदार्थातल्या कुठल्याही अणूवर बोट ठेवून 'हा अर्धा कण' असं दाखवता येत नाही. तो सगळ्यांच्या मिळून वागण्यातून जन्मतो. ही निव्वळ कविकल्पना नाही हे आपल्याला ठाऊक आहे, कारण इलेक्ट्रॉनांच्या एका पातळ थरात, प्रबळ चुंबकीय क्षेत्राखाली, १९८२ साली असंच विभाजन सापडलं आणि त्याला १९९८ मध्ये नोबेलही मिळालं. चुंबकांमध्ये तसंच काही आहे का, हा प्रश्न आहे.

आणि इथेच खरी मेख आहे. स्पिन लिक्विडची व्याख्या आजही मुख्यतः 'काय नाही' यावर चालते. पदार्थ थंड करा. स्पिन रांगेत लागले नाहीत, गोठले नाहीत, तर तो उमेदवार. दूरवरचं गुंतणं थेट मोजणारं उपकरण घन पदार्थासाठी आपल्याकडे नाही. त्यामुळे पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो. न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि ते कसे विखुरतात ते पाहायचं; टोकदार रेषेऐवजी पसरट धूसर पट्टा दिसला तर तरंगाचे तुकडे झाले असावेत. केवल शून्याजवळ उष्णता कशी वाहते ते मोजायचं. विद्युतरोधक पदार्थातून अपेक्षेपेक्षा जास्त उष्णता गेली तर ते अर्धे कण ती वाहून नेत असावेत. दोन्ही ठिकाणी 'असावेत' आहे. पसरट पट्टा अव्यवस्थेमुळेही दिसतो.

यिटर्बियम, मॅग्नेशियम, गॅलियम आणि ऑक्सिजन यांचं एक संयुग २०१५ मध्ये या शर्यतीत उतरलं. त्याची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. कागदावर ते देखणं होतं. यिटर्बियमच्या अणूंचे सपाट थर, प्रत्येक थरात नेटकी त्रिकोणी जाळी, थर एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब. ०.१ केल्विनच्या खाली नेलं तरी स्पिन रांगेत लागत नव्हते. २०१६ मध्ये न्यूट्रॉनचे प्रयोग झाले आणि हवा तो पसरट पट्टा दिसला. अर्ध्या स्पिनचे कण सापडले, असं म्हणायला मोठ्या नियतकालिकांत जागा मिळाली. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने उष्णतावहन मोजलं, तर त्या कणांचा काहीच वाटा दिसेना. उष्णता न वाहणारे मोकळे कण? लोक स्फटिकाकडे पुन्हा बघू लागले. यिटर्बियमच्या दोन थरांमधल्या जागांवर मॅग्नेशियम आणि गॅलियम कुठलाही क्रम न पाळता बसलेले होते. एकाचा विद्युतभार दोन, दुसऱ्याचा तीन. साहजिकच प्रत्येक यिटर्बियमच्या वाट्याला येणारं विद्युतक्षेत्र वेगवेगळं, आणि स्पिनांची आपसातली ओढाताणही जागोजागी वेगळी. २०१७ मध्ये सिद्धान्तवाल्यांनी दाखवलं की एवढी अव्यवस्था स्पिन लिक्विडचं हुबेहूब सोंग वठवू शकते. २०१८ मध्ये ०.१ केल्विनच्या आसपास स्पिन काचेतल्या रेणूंसारखे वेडेवाकडे गोठत असल्याच्या खुणाही मिळाल्या.

या कहाणीत कुणी लबाडी केली नाही. मापनं बरोबर होती. गॅलियम आणि मॅग्नेशियम एकाच जागेवर मिसळलेत हेही पहिल्यापासून माहीत होतं, छापलेलं होतं. फक्त ती गोष्ट मथळ्यात येण्यासारखी नव्हती.

दुसरं उदाहरण सेंद्रिय पदार्थाचं. पॅलॅडियम असलेल्या एका सेंद्रिय स्फटिकात २०१० मध्ये जपानी गटाला केवल शून्याजवळही भरपूर उष्णतावहन दिसलं. नऊ वर्षं तो निकाल या क्षेत्राचा आधारस्तंभ होता. त्यावर कितीतरी सिद्धान्त उभे राहिले. २०१९ मध्ये कॅनडातल्या आणि चीनमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे तेच मोजलं आणि त्यांना ते वहन सापडलं नाही. पुढे मूळ गटाने सांगितलं की स्फटिक किती वेगाने थंड केला यावर निकाल अवलंबून असू शकतो. असेलही. पण मग विचारावंसं वाटतं की हा तपास व्हायला नऊ वर्षं का लागली? माझ्या मते उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचंच मापन पुन्हा करण्यासाठी अनुदान मागणारा प्रस्ताव लिहून बघा, किती जण पाठीवर थाप देतात!

अशी आणखीही आहेत. २००३ पासून उमेदवारांच्या यादीत अग्रस्थानी असलेल्या दुसऱ्या एका सेंद्रिय पदार्थात स्पिन शेवटी पक्क्या जोड्या करून बसतात, असा पुरावा २०२१ मध्ये पुढे आला. रुथेनियम क्लोराइडची अवस्था तर त्याहून गुंतागुंतीची. २०१८ मध्ये त्यात उष्णतेचा हॉल परिणाम (चुंबकीय क्षेत्रात उष्णतेचा प्रवाह आडवा वळणं) त्याच्या मूळ एककाच्या नेमक्या अर्ध्या पटीत मोजल्याचा दावा झाला, आणि तो अर्धा आकडा म्हणजे किताएव यांच्या सिद्धान्तातल्या मायोराना कणांची (स्वतःच स्वतःचे प्रतिकण असलेल्या कणांची) सही मानली जाते. नंतरच्या काही गटांना तो अर्धा आकडा दिसला, काहींना नाही, आणि काहींनी हे सगळं स्फटिकाच्या साध्या कंपनांचं काम आहे असा युक्तिवाद केला. या पदार्थाचे थर एकमेकांवर जरासे सरकून बसले की चुंबकीय क्रम ७ केल्विनऐवजी १४ केल्विनलाच लागतो. मग कोण काय मोजतंय, हे ठरवणार कसं?

आता क्वांटम संगणकाच्या त्या वाक्याकडे परत येऊ. त्याचं नुकसान इथे दिसतं. संगणकाचं आश्वासन दिलं की 'सापडलं' हे ऐकवणं भाग पडतं, कारण न सापडलेल्या पदार्थाचा संगणक बनत नाही. तीन वर्षांच्या अनुदानात 'हा उमेदवार बाद झाला' हा निष्कर्ष अपयश म्हणून नोंदला जातो. वास्तविक या क्षेत्रात तोच बहुतेक वेळा सर्वांत भरवशाचा निष्कर्ष असतो. शेजारच्या गल्लीत याचा कडेलोट झालेला आपण पाहिलाय. नॅनोतारांत मायोराना कणांचा पुरावा मिळाल्याचा २०१८ मधला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. बाहेरच्या संशोधकांनी पूर्ण विदा मागून तपासली तेव्हा दावा टिकेना, आणि पुरेशी वैज्ञानिक काटेकोरी पाळली नाही म्हणून लेखकांनी माफी मागितली. तिथेही पार्श्वभूमीला क्वांटम संगणकाचीच घाई होती.

यावर नेहमी मिळणारं उत्तर लुई नेएल यांच्या नावाने मिळतं. अँटीफेरोमॅग्नेट कसे चालतात हे ज्यांनी उलगडलं त्या नेएल यांनी १९७० च्या आपल्या नोबेल व्याख्यानात सांगून टाकलं होतं की हे पदार्थ सैद्धान्तिकदृष्ट्या अत्यंत रंजक आहेत, पण त्यांचा काही उपयोग असेल असं दिसत नाही. पुढे संगणकाच्या हार्ड डिस्कमधली माहिती वाचणाऱ्या शीर्षांत अँटीफेरोमॅग्नेटचा थर बसला, आणि ज्या परिणामावर ती शीर्षं चालायची त्याला २००७ चं नोबेल मिळालं. म्हणून, म्हणे, आज निरुपयोगी वाटतं ते उद्या उपयोगी ठरतं.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. यशस्वी ठरलेली उदाहरणंच तेवढी मोजली तर कुठलंही संशोधन फायदेशीर दिसेल. कशालाच न लागलेल्या शोधांची यादी कुणी व्याख्यानात वाचून दाखवत नाही. नेएल यांची गोष्ट सांगते ती एवढंच, की उपयोगाबद्दलचा अंदाज त्या विषयातला सर्वोत्तम माणूसही चुकवतो. मग तो अंदाज निधीवाटपाचा पाया कसा करायचा? 'उपयोग नाही' हे भाकीत जसं विश्वासार्ह नव्हतं, तसंच 'क्वांटम संगणक येईल' हेही नाही.

मग पैसे का द्यायचे? कारण पदार्थाच्या अवस्था किती आणि कोणत्या, हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सोडवण्याचा हक्क कुठल्या एका कंपनीचा किंवा देशाचा नाही. विसाव्या शतकात बराच काळ आपण समजत होतो की अवस्था ओळखायची ती तिच्यातल्या सममितीवरून: द्रव गोठला की सममिती मोडते, चुंबक रांगेत लागला की मोडते. १९८२ च्या त्या शोधानंतर हे अपुरं आहे हे कळलं. एकच सममिती असलेल्या, पण गुंतण्याच्या रीतीत वेगळ्या अवस्था असू शकतात. चुंबकांत त्या खरोखर आहेत की केवळ समीकरणांत, हे न कळता राहणं म्हणजे घन पदार्थांबद्दलच्या आपल्या समजुतीत एक मोठं भगदाड सोडून देणं. इतकं कारण पुरेसं आहे असं मला वाटतं. ते ऐकून मंत्रालयातला सचिव भारावणार नाही, हे मान्य. पण खगोलशास्त्राला आपण पैसे देतोच की, आणि दीर्घिकांपासून संगणक बनवून दाखवा अशी अट घालत नाही.

पैसा कुठे जावा यावर मी अधिक हट्टी आहे. तो आधी स्फटिक वाढवणाऱ्यांकडे जावा. हर्बर्टस्मिथाइट हे कागोमे जाळीचं, तांबं आणि जस्त असलेलं खनिज घ्या. तांब्याच्या स्पिनांमधली ओढ जवळपास २०० केल्विनच्या तोलाची, आणि तरी ५० मिलिकेल्विनपर्यंत ते रांगेत लागत नाहीत. निसर्गात ते चिलीत सापडलं. प्रयोगशाळेत त्याची पावडर २००५ मध्ये बनली, पण न्यूट्रॉन प्रयोगाला पुरेल असा एकसंध स्फटिक मिळून त्याचा निकाल छापून यायला २०१२ उजाडलं. असा स्फटिक वाढायलाच कित्येक महिने लागतात. आणि एवढं करूनही जस्ताच्या काही जागांवर तांबं घुसलेलं असतंच, म्हणून वाद मिटलेला नाही. हे काम करणाऱ्याच्या नावावर वर्षाला एखाददुसरा चांगला स्फटिक जमा होतो. शोधनिबंध मोजून बढती देणाऱ्या पद्धतीत त्याचं काय होणार ते सांगायला नको.

१९८२ च्या शोधाचा निबंध तिघांच्या नावावर आहे: त्सुई, स्टोर्मर आणि गॉसार्ड. ज्याच्या शुद्धतेशिवाय तो परिणाम दिसलाच नसता तो अर्धवाहकाचा नमुना आर्थर गॉसार्ड यांनी वाढवलेला होता. नोबेल मिळालं त्सुई आणि स्टोर्मर यांना, आणि सिद्धान्त मांडणाऱ्या लाफलिन यांना. नोबेल तिघांपलीकडे देता येत नाही, हे खरं. पण कोण वगळला जातो यातही एक सवय दिसते. याउलट जपानमधल्या त्सुकुबा इथे ताकाशी तानिगुची आणि केन्जी वातानाबे यांनी बोरॉन नायट्राइडचे अतिशुद्ध स्फटिक बनवले आणि जगभरच्या ग्राफीन संशोधकांना देत राहिले. आज त्या क्षेत्रातल्या असंख्य शोधनिबंधांवर या दोघांची नावं असतात. तिथे वेगवेगळ्या गटांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता येतात, कारण नमुना एकाच हातचा असतो. फ्रस्ट्रेटेड चुंबकांना नेमकी अशीच एक सोय हवी: सार्वजनिक पैशावर चालणारी, स्फटिक वाढवणारी, त्यांचे दोष मोजून छापणारी आणि मागेल त्याला नमुना देणारी केंद्रं.

न्यूट्रॉनचे स्रोतही घटताहेत. कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी २०१८ मध्ये बंद झाली, बर्लिनची आणि पॅरिसजवळच्या साक्लेची २०१९ मध्ये. प्रत्येकीची कारणं वेगळी होती, पण परिणाम एकच: उरलेल्या ठिकाणी यंत्रावर मोजके दिवस मिळतात, आणि ते नव्या, चमकदार पदार्थाला दिले जातात, जुन्याच्या फेरतपासणीला क्वचितच.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. स्फटिकांच्या मागे लागायचंच कशाला? २०२१ मध्ये हार्वर्डच्या गटाने लेझरच्या चिमट्यांत धरलेले २१९ रुबिडियम अणू मांडून स्पिन लिक्विडची लक्षणं थेट पाहिली. तिथे अणू मोजता येतात, मळ नाही, वाद कमी. त्या दिशेला पैसा जरूर जावा. पण तिथे आपण जे रचू तेच पाहायला मिळतं. निसर्गाने न सांगता कुठे काय करून ठेवलंय हे तिथून कळणार नाही. कागोमे जाळीचं साधं समीकरणसुद्धा महासंगणकांना अजून नीट वठणीवर आणता आलेलं नाही: २०११ मध्ये गणना सांगत होत्या की उत्तेजित अवस्थांच्या खाली ऊर्जेची फट आहे, २०१७ च्या गणना उलट कौल देऊ लागल्या. खऱ्या पदार्थात तर जोडीला कंपनं, थर, दोष सगळंच आहे.

सध्या आशा आहे ती सेरियम आणि झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर. चतुष्फलकांच्या त्रिमितीय जाळीतलं हे चुंबक २०१९ पासून चर्चेत आहे. त्यात क्वांटम स्पिन आइस नावाची, स्पिन लिक्विडचाच एक प्रकार असलेली अवस्था असावी असं न्यूट्रॉन आणि उष्माधारकता या दोन्ही मापनांवरून वाटतं, आणि एकाहून अधिक गटांनी आपापले स्फटिक वाढवून ती मापनं केली आहेत. या पदार्थाची पावडर हवेत ठेवली की त्यातल्या काही सेरियमचं ऑक्सिडीकरण होतं आणि तेवढ्या अणूंचा स्पिन नाहीसा होतो. यावरचा पुढचा मोठा दावा छापून येईल तेव्हा नमुन्यातलं किती सेरियम असं बिघडलेलं होतं तो आकडा त्याच पानावर असावा, तोच स्फटिक दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मोजलेला असावा, आणि त्या दुसऱ्या मोजणीचा खर्च पहिल्या अनुदानातच धरलेला असावा. निधी देणाऱ्यांनी आश्वासनाऐवजी एवढ्या तीन गोष्टी मागाव्यात.